मिठासारखं औषध

मुंबईहून डॉक्टरीची परीक्षा देऊन मी अमरावतीला परत आलो, तेव्हा माझंच गाव मला ओळखू येईना. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली होती आणि तिथला कापूस विलायतेत जायचा थांबला होता, एवढं मी मुंबईत ऐकलं होतं. त्याचा अर्थ इथे आल्यावर समजला. बाजारालगतचा सगळा माळ कापसाच्या गाड्यांनी भरलेला. बैलांच्या पाठीवर, घरांच्या कौलांवर, लोकांच्या मिशांवर कापसाचे तंतू. ज्यांच्या घरी कधी पितळेचं भांडं नव्हतं, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या. सारं गाव एका वेळी बोलत होतं आणि सारं गाव खोकत होतं.

माझे वडील भिक्षुकी करायचे. मुडदे चिरून शिकून आलेला मुलगा घरात घेणं त्यांना जड गेलं. त्यांनी घेतलं, पण माझं ताट ओसरीवर वेगळं मांडलं जाई. सकाळी उठून मी सरकारी दवाखान्यात जात असे. दोन खोल्या, एक पडवी, औषधांचं एक कपाट. माझ्यावरचा अधिकारी एक गोरा सर्जन होता. तो घोड्यावरून यायचा, पडवीतले रोगी उभ्याउभ्याच बघायचा आणि उन्हं चढायच्या आत निघून जायचा. बाकीचं माझ्यावर.

मिरगीचा पहिला झटका मी पाहिला तो दवाखान्यात नव्हे, सराफ्यात. बाजाराचा दिवस होता. सोनारांच्या ओळीत खेड्यापाड्यांतल्या बायकांची इतकी दाटी, की वाट काढणं मुश्कील. एवढ्यात एका दुकानातून ओरड आली. माणसाच्या गळ्यातली वाटू नये अशी ओरड होती ती. मग कुणीतरी म्हणालं, "मिरगी! मिरगी! सरका मांगं!" आणि मघाशी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे एकदम मोकळं अंगण झालं.

मधोमध माझ्याच वयाचा एक माणूस पडला होता. अंग ताठ, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. एकाने पायातला जोडा काढून त्याच्या नाकाशी धरला होता. त्याचा डावा हात दुकानातल्या शेगडीवर आडवा पडला होता आणि तो उचलायला कुणीही पुढे होत नव्हतं. मी हात ओढून काढला, जोडा बाजूला केला, त्याला कुशीवर वळवला. तेवढ्यात आतून त्याची बायको आली. ती रडली नाही, धावलीही नाही. तिने खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमी कोन?"

"मी डॉक्टर. सरकारी दवाखान्यात असतो."

"याले औषध नाई," ती म्हणाली. जसं कुणी वाट विचारणाऱ्याला सांगावं, की पुढे रस्ता नाही.

बऱ्याच वेळाने तो शुद्धीवर आला. भाजलेल्या हाताकडे त्याचं लक्ष गेलं नाही. आधी त्याने उजव्या हाताची बोटं डोळ्यांसमोर धरली, एकेक करून हलवून पाहिली, आणि मग डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी तो जखम बांधून घ्यायला दवाखान्यात आला. त्याची सगळी हकीकत मी तेव्हाच ऐकली. लहानपणापासून त्याला हे होतं. पोटावर आणि कपाळावर डागण्याच्या खुणा होत्या. दंडात तीन-चार तऱ्हांचे ताईत होते, हिंदू आणि मुसलमान दोन्हींचे. त्याचा बाप सोनारच. मुलाला शेगडीपासून दूर ठेवावं म्हणून बापाने त्याला तारेच्या कामाला लावलं. सोन्याची तार ओढून तिचा गोफ विणायचा. त्या कामात त्याचा हात असा बसला, की मिसरूड फुटायच्या आतच पार तेल्हाऱ्यापासून माणसं त्याच्या हातचा गोफ न्यायला यायची. लोकांना त्याची मिरगी ठाऊक होती. काही जण तर म्हणायचे, याच्या अंगात काहीतरी आहे म्हणूनच बोटं अशी चालतात.

"आधी महिन्यातून एखाद्या वेळी यायचं," तो म्हणाला. "आता कापसानं सारी दुनिया पागल केली. ज्याले त्याले गोफ पाह्यजे. बाप गेल्यापासून शेगडीही माह्याच उरावर हाय. मी झोपतच नाई, डाक्टर. अन मंग हे असं होऊन राहिलं."

त्याला झोपायला सांगण्यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं. पण मुंबईची एक गोष्ट मला आठवत होती. मेंदूचे रोग शिकवताना आमच्या एका शिक्षकांनी मिरगीचं वर्णन केलं, मग यावर इलाज नाही म्हणून हात झटकले, आणि वर्ग सुटता सुटता सांगितलं, की विलायतेत हल्ली कुणी एक क्षार देऊन पाहतात आणि झटके कमी होतात म्हणे. ब्रोमाइड. ते 'म्हणे' माझ्या डोक्यात राहून गेलं होतं.

मी साहेबाकडे मागणी नेली. तो हसला.

"एका सोनारासाठी मुंबईहून औषध? इथली पटकी आणि देवी तुला पुरत नाहीत का?"

"पटकीवर उपाय करणारे पुष्कळ आहेत, साहेब. याला कुणी हातही लावत नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि सही केली. तो वाईट माणूस नव्हता, थकलेला होता. मला थकवा म्हणजे काय हे तेव्हा माहीत नव्हतं.

रेल्वे अजून वऱ्हाडात आली नव्हती. गाडीमागून गाडी बदलत, धुळीने माखलेली पेटी आली. आत भुशात ठेवलेल्या बाटल्या. पांढरे खडे, अगदी मिठासारखे. मी जिभेवर ठेवून पाहिलं, खारट लागलं, मागून किंचित कडू. सोनाराने माझ्यासमोर पहिला डोस पाण्यातून घेतला आणि तो हसू लागला.

"हे तं मीठ हाय, डाक्टर! एवढ्यासाठी मुंबईले गेल्ते तुमी?"

त्या हिवाळ्यात त्याला झटका आला नाही.

हे वाक्य मी आज सहज लिहितो. तेव्हा रोज सकाळी दवाखान्यात जाताना मी मुद्दाम सराफ्यातून वळसा घालत असे. त्याची बायको दारात दिसली, की नुसती मान हलवायची, म्हणजे काल काही झालं नाही. एकदा तिने मला थांबवलं आणि सांगितलं, "आज हे एकटे विहिरीवर गेले आंघोळीले. मी मांगं गेली नाई." सांगताना तिचा आवाज असा होता, जसा एखादीचा मुलाच्या बारशाचं आमंत्रण देताना असतो. त्यांना मूल नव्हतं. झाली होती ती जगली नव्हती.

गावात बोलबाला झाला. पडवीत मिरगीचे रोगी येऊ लागले. आधी चोरून, मग उघड. भावाच्या पाठीवर, गाडीत बांधून, डोक्यावरून पदर ओढून. एवढी माणसं ही कुठे होती, असा मला प्रश्न पडे. घरांच्या मागच्या खोल्यांत होती, गोठ्यांत होती. माझ्या वडिलांनीही एकदा विचारलं, "त्या सोनाराचं खरं काय रे?" मी सांगितलं. त्या दिवशी माझं ताट त्यांच्या शेजारी मांडलेलं होतं. मला वाटलं, हेच माझं काम. बाकीचे डॉक्टर तापखोकल्याचे होवोत, मी याचा होईन.

उन्हाळा लागताना सोनार दवाखान्यात आला. दुपारची वेळ, पडवी रिकामी होती. तोंडावर लाल पुळ्या उठल्या होत्या आणि बोलताना जीभ जड पडत होती. त्याने कमरेची पिशवी सोडली आणि एक गोफ माझ्या हातावर ठेवला. चांदूर बाजारकडच्या एका पाटलाच्या घरून तो गोफ परत आला होता.

मी उजेडात धरून पाहिला. "मला तर काही दिसत नाही."

"डोळ्यानं नाई दिसत. बोट फिरवा."

मी बोट फिरवलं. तरीही मला समजलं नाही. त्याने माझं बोट धरलं आणि एका जागी टेकवलं. "इथं ढिला हाय. अन इथं. हे करताना मले समजलंच नाई, डाक्टर. परत आला तवा समजलं."

"थोडी मात्रा कमी करू."

"आयका." तो खाली बसला. शब्द शोधायला त्याला वेळ लागत होता. "आधी मी पडायचो. पडायचो, उठायचो, अन उठलो का हात माहा असायचा. आता मी पडत नाई. पन हा हात कोनाचा हाय, मले समजत नाई."

मी मात्रा कमी केली, तर झटके परतले. वाढवली, तर तो बसल्या जागी झोपू लागला, गिऱ्हाइकाचं नाव विसरू लागला, एकदा स्वतःच्या गल्लीत वाट चुकला. मधली कुठली तरी जागा असेल, जिथे झटका नाही आणि हातही शाबूत, असं धरून मी सगळा उन्हाळा चाचपडत राहिलो. आज मला माहीत आहे, की कुणाकुणाला ती जागा सापडते. त्याला ती नव्हती. शेवटी मात्रा कमी करत करत नावापुरती उरली असताना, तो एक दिवस म्हणाला, "आता बंद."

मी पुष्कळ वाद घातला. शेगडीची आठवण दिली, विहिरीची दिली, बायकोचीही दिली.

"तुमी मले जगवाले पाहून राहिले," तो म्हणाला. त्याला राग नव्हता. "मी जगून काय करू? पोट्ट्यायचे वाळे ठोकू?"

औषध बंद झालं आणि तो पुन्हा स्वतःचा झाला. जीभ मोकळी झाली, पुळ्या गेल्या. त्या दिवसांत त्याने एक गोफ विणला. तो दाखवायला तो मुद्दाम आला होता. या वेळी मी न सांगता बोट फिरवलं. सोन्याचं काम मला कळत नाही, पण ते गार पाणी बोटाखालून वाहावं तसं होतं. त्याचा चेहरा मी पाहिला. औषध घे असं मग मी म्हणू शकलो नाही.

झटके येत राहिले. आणि एकदा तो तोंडावर शेगडीत पडला.

एक भुवई गेली, एका डोळ्यावर पांढरा पडदा आला. दुकानापुढची गर्दी पांगली. अंगातल्या शक्तीबद्दल बोलणारेच आता म्हणू लागले, की त्याच्या हातचं सोनं घरात नको. तो रोज जखम बांधायला यायचा. एक दिवस त्याच्याऐवजी त्याची बायको आली, एकटी. पडवीतल्या बायका उठून जाईपर्यंत ती थांबली.

"भाऊ, थे औषध मिठासारखंच हाय ना?"

"हो."

"मी भाजीत टाकते. माह्याजवळ थोडं हाय, पन पुरनार नाई. तुमी आनखी देजा. त्याईले समजन नाई."

"वहिनी, त्याला न सांगता मी देणार नाही. त्याने विचारपूर्वक सोडलं आहे."

"मंग सांगूनसवरून मेला म्हनजे चालन का तुमाले?"

तरी मी औषध दिलं नाही. आमच्या शिक्षणात रोग्याच्या मर्जीविरुद्ध काय करावं आणि काय करू नये, हे कुणी शिकवलं नव्हतं. पोरसवदा, बुजरं, शहाण्यासारखं दिसणारं कुणीतरी माझ्या आतून नाही म्हणालं. ती पदर सावरून निघून गेली.

त्यानंतर त्याचे झटके कमी झाले. मी मनाशी ठरवलं, की रोगाला चढउतार असतात, हा उतार असेल. माणसाला जे सोयीचं असतं ते तो ठरवतो. पुळ्या उठलेल्या दिसत होत्या, पण भाजलेल्या कातडीवर तेवढं उठतंच, असंही मीच म्हणालो.

जखम भरत आली तेव्हा एका सकाळी मी पट्टी सोडत असताना त्याने सरळ विचारलं, "डाक्टर, तुमी देल्लं का तिले?"

"काय?"

"भाजीत टाकते थे."

"मी दिलं नाही. तिने मागितलं होतं. जुनं असेल तिच्याजवळ." मी हातातलं काम थांबवलं. "तुला कधी समजलं?"

"पहिल्याच दिवशी. मिठाची चव मले कळत नाई काय?"

"मग खातोस काहून?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

त्याने बाहेर पाहिलं. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या, आता पूर्वीएवढ्या नाहीत.

"थे झोपते आता," तो म्हणाला. "लगन झाल्यापासून थे कदी झोपलीच नोती, डाक्टर. माहा श्वास मोजत पडून राहायची. आता घोरते." आणि तो हसला. "तिले सांगू नोका मले समजलं म्हनून."

त्याने गोफाचं काम सोडलं. पोरांचे वाळे, चांदीची जोडवी, असलं काही तो करत बसे. मी सराफ्यातून जाताना तो हात वर करायचा. आम्ही दोघं एकमेकांना टाळू लागलो होतो, असं आता वाटतं. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पावसाळा मध्यावर आला. त्या वर्षी पावसाने उघडीपच दिली नाही. आमची काळी माती एकदा भिजली, की गाडीचं चाक आसापर्यंत रुतवते, आणि गाडीवान बैल सोडून गाडी तशीच टाकून गावाला निघून जातो. मुंबईहून निघालेली औषधांची पेटी वाटेत कुठेतरी अशाच एका गाडीत अडकून पडली होती. दवाखान्यातल्या बाटल्या दुसऱ्या रोग्यांना देऊन कधीच संपल्या होत्या. अशात सोनाराची बायको भिजत आली.

"भाऊ, माह्याजवळचं संपलं. काल संध्याकाळी भाजीत खरंच मीठ टाकलं."

नवऱ्याला सगळं माहीत आहे हे मी तिला कळू दिलं नाही. "पेटी निघाली आहे," मी म्हणालो. "येईल. तोवर पूर्वीसारखे एखाद-दोन झटके येतील. शेगडीजवळ बसू देऊ नका."

माझी खरोखर तीच समजूत होती. औषध नसलं, की रोग आपल्या जागी परत येतो, आणखी काय होणार? शिकवणाऱ्यांनाही यापेक्षा जास्त माहीत नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी त्याला बाजेवर घालून आणलं. वरून घोंगडी टाकली होती आणि घोंगडीखाली बाज हादरत होती. एक झटका संपत आला, की मी म्हणे, झालं, आता शुद्धीवर येईल. आणि शुद्ध येण्याआधीच दुसरा सुरू होई. मी त्याला कुशीवर धरून ठेवलं. साहेबाला निरोप धाडला. तो चिखलातून घोडा चालवत आला आणि त्या दिवशी तो उभा राहिला नाही, जमिनीवर माझ्या शेजारी बसला. आम्ही क्लोरोफॉर्म दिलं. तेवढा वेळ अंग सैल पडायचं, मग पुन्हा सुरू. दुपारपर्यंत ताप इतका चढला, की त्याच्या अंगावरचं ओलं फडकं वाळून कडक होत होतं.

बायको पायथ्याशी बसली होती. एकदा तिने त्याचा उजवा हात उचलला आणि मूठ उघडायचा प्रयत्न केला. ती उघडली नाही.

दिवस कलायच्या आत तो गेला. साहेब उठला, गुडघे झटकले. "हे असंच संपतं," तो मला इंग्रजीत म्हणाला, "आज नाही तर पुढे कधीतरी. तू त्याला एक हिवाळा दिलास." त्याला माझं सांत्वन करायचं होतं.

माणसं बाज उचलायला आली, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. इतक्या हळू बोलली, की मला वाकावं लागलं.

"म्या चोरून देल्लं म्हनून झालं का हे, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

मग मी तिला सांगितलं, की त्याला सगळं माहीत होतं, आणि माहीत असून तो खात होता. ते सांगावं की नाही याचा मी विचार केला नाही, तोंडातून निघून गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती रडली. मी बरं केलं की वाईट, हे तिच्या रडण्यावरून समजण्यासारखं नव्हतं.

पाऊस उघडल्यावर पेटी आली. पडवीत रोगी वाट पाहत होतेच. मी बाटली फोडली आणि औषध वाटलं.

पुढे अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव ज्या वेगाने चढला होता त्याहून वेगाने पडला. माझी बदली अकोल्याला झाली, तेव्हा तिथे रेल्वे येऊन पोचली होती आणि बाजारात शुकशुकाट होता. ज्यांनी दागिने घडवले होते तेच ते मोडायला सराफ्यात उभे होते. सोनार आता रात्रंदिवस वितळवायचंच काम करत. त्याच्या हातचे गोफही त्यात गेले असतील. निदान मला नंतर कुठे, कुणाच्या गळ्यात, तसा एकही दिसला नाही.

अकोल्यात मी मिरगीचा डॉक्टर म्हणून ओळखला गेलो. रेल्वेमुळे औषध वेळेवर मिळू लागलं. पुढे साहेब बदलले. कुणी माझ्या कामाला नावाजलं, कुणी वेडेपणा म्हटलं, आणि बढती दोन्ही वेळा दुसऱ्याला मिळाली. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मी किती माणसं बरी केली असं जर कुणी विचारलं, तर एकही नाही. काही पूर्वीपेक्षा कमी वेळा पडली, काही उशिरा पडली. बरीचशी गुंगीत गेली. मुलं शाळेत मागे राहिली आणि बापांनी ती काढून घेतली. सुनांच्या सासरी कळलं आणि त्या माहेरी परत आल्या, मग माहेरच्या मागच्या खोलीत बसल्या. औषधाने जरा आराम पडला, की लोक ते बंद करत. मी सांगून सांगून थकत असे.

कारण तोवर मला समजलं होतं. एका इंग्रजी वैद्यकीय मासिकात कुठल्याशा डॉक्टरने आपले रोगी उदाहरणादाखल दिले होते: हा क्षार नेमाने चालू असता एकदम थांबवला, तर झटके एकामागून एक येऊन रोगी दगावतो. हळूहळू कमी करावा. मी दवाखान्यात टेबलाशी बसून ते वाचलं. बाहेर रोग्यांची रांग होती. वाचून झाल्यावर मी पुढच्याला बोलावलं.

त्यानंतर काही वर्षांनी मी देवी टोचण्याचं काम तपासायला तेल्हाऱ्याला गेलो होतो. सोनाराची बायको तिथे भावाकडे राहत होती, हे मला ठाऊक नव्हतं. भावाच्या घरापुढेच आमची बैठक मांडली होती. पाण्याचा तांब्या घेऊन एक म्हातारी होत चाललेली बाई आली आणि तिने मला ओळखलं.

"बरे हा ना, भाऊ?"

"बरा आहे. तुम्ही?"

"चाललं हाय. वहिनीसंगं रेच्यावर कापसाची सरकी काढते." तिने तांब्या खाली ठेवला. "तुमी तवा सांगतलं ना, काही संबंध नाई म्हनून. थ्या बोलावर जगली मी."

मी पाणी प्यायलो. पाणी मचूळ होतं. मी तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "जपून राहा." ती आत गेली. मग मी मुलांचे दंड तपासत राहिलो.

आता मी पेन्शनीत आहे. दवाखान्यात माझ्या जागी एक तरुण डॉक्टर आला आहे. तो हुशार आहे. त्याला मिरगीत रस नाही आणि मी त्याला दोष देत नाही. तरी माणसं अजून माझ्या दाराशी येतात. गेल्या महिन्यात एक शेतकरी आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन आला होता. पोर चांगली उफाड्याची, हसरी. कपाळावर पडल्याची ताजी खोक. मी सगळं विचारलं, सगळं समजावलं. औषध कधी घ्यायचं, किती घ्यायचं, आणि कधीच एकदम थांबवायचं नाही.

"कदीच?" त्याने विचारलं.

"कधीच नाही."

"अन मंग बरी होईन?"

"पडणं कमी होईल. पण सुस्ती येईल. बोलणं जड होईल थोडं."

"लगन?"

मुलगी अंगणात माझ्या नातवाला काही दाखवून हसवत होती. बाप तिच्याकडे बघत बसला. मग त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, मला हात जोडले आणि मुलीला म्हणाला, "चाल वं."

मी बांधून दिलेली औषधाची पुडी तिथेच चौरंगावर राहिली. मी हाक मारली नाही. ती दोघं रस्त्याच्या वळणावर पोचेपर्यंत मी बघत होतो. तो तिच्या एक पाऊल मागून चालत होता, हात अर्धवट पुढे धरून.